लासियेमच्या गाण्याची सीडी

लासियेमशी बोलताना लोक ओरडतात. तिचा आवाज गेलाय, कान शाबूत आहेत. पण एवढी साधी गोष्ट जावा बेटावरच्या त्रेंगालेकच्या बाजारात कुणाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ. "यू सियेम, चटणी तिखट नको हं!" असं तिच्या तोंडाशी येऊन बोंबलतात, जणू ही यू, म्हणजे ताई, विहिरीत पडलीय. ती खलात शेंगदाणे आणि मिरच्या रगडत मान हलवते, उकडलेल्या पाल्यावर चटणी ओतते, वर टेम्पेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तळलेला तुकडा ठेवून केळीच्या पानाची पुडी बांधते. फारच झालं तर म्हणते, "ऐकू येतं हो मला." तेही नुसत्या हवेत. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा तिचा शब्द निघतो. तो ऐकू न आल्यामुळे समोरचा आणखी मोठ्याने ओरडतो.

हीच बाई एके काळी सिंडेन होती. गामेलानच्या ताफ्यात, पितळी घंटा आणि तबकांच्या मधोमध गुडघे दुमडून बसायचं, केसांचा मोठा अंबाडा, अंगात चापून बसवलेली कबाया, आणि नजर खाली ठेवून गायचं. डोंगराकडच्या गावांत लग्न असो की बाहुल्यांचा खेळ, लासियेमशिवाय व्हायचा नाही. ताफ्याचा म्होरक्या म्हणायचा, "ही गायला लागली की वाटतं, आपण उगाच एवढं पितळ पाठीवर घेऊन हिंडतो." मग तिला गलगंड झाला. डोंगरातल्या बायकांना होतो, त्यात नवल नाही. शहरातल्या इस्पितळात कापून काढला. जीव वाचला, आवाजाची नस गेली. डॉक्टरने आधीच बजावलं होतं, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? नवरा ताफ्यात ढोल वाजवायचा. तो सुमात्रात मळ्यावर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड करून बसला. त्याला शिव्या घालायच्या म्हटल्या तर त्यालाही आवाज लागतो.

एवढी गाणारी बाई, मग कुठे काही टेप करून ठेवलेलं नाही का, असं कुणालाही वाटेल. म्होरक्याकडे कॅसेटी होत्या. तो मेला, आणि त्याच्या सुनेने त्या पोरांना खेळायला दिल्या. फितींची पतंगांना शेपटं झाली. गाणारी रोज समोर बसलेली असताना तिचा आवाज जपून ठेवायची बुद्धी कुणाला होते? विहीर भरलेली असताना हंडा कोण भरून ठेवतो?

तशी लासियेम रडत बसणारी नव्हे. आवाज गेला तर गेला म्हणून तिने खल-बत्ता हातात घेतला आणि मुलगी वाढवली. तिला जे लागलं ते मुलीचंच बोलणं लागलं.

मुलगी वेनिंग. बालवाडीत शिकवते, डोक्याला नीट टाचणी लावून रुमाल बांधते, बोलते मोजून. तिचं लग्न ठरलं होतं. सासरची माणसं बरी, देवभीरू, कापडाचं दुकान असलेली. एका दुपारी आमंत्रणाच्या पत्रिकांवर नावं घालता घालता वेनिंग सहज म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं ना, तर तू आधी शिवणकाम करायचीस असं सांग. मी तसंच सांगितलंय."

लासियेमला आयुष्यात सुईत दोरा ओवता आलेला नाही. ती म्हणाली, "का?"

"का म्हणजे? रात्र-रात्र बाहेर गायला जायचीस हे सांगू त्यांना? त्यांच्या डोळ्यांपुढे काय येईल ठाऊक आहे ना? ट्रकवर उभं राहून कंबर हलवणाऱ्या बाया, आणि पुरुष अंगावर नोटा खोचताहेत."

"मी सिंडेन होते," लासियेम म्हणाली. "बसून गायची. माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही."

"बसून काय, उभ्याने काय. त्यांना काय फरक कळणार?" वेनिंगने पत्रिका बाजूला ठेवली. ती काही दुष्ट पोर नव्हे, आणि पुढचं ती रागाने बोलली नाही, हेच वाईट. "आई, तुझं गाणं मी तरी कुठे ऐकलंय? तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी केवढी होते. मला आठवतं ते इतकंच, की तू उजाडता यायचीस, तोंडाला पावडर, कपड्यांना सिगारेटचा वास, आणि मला आजीच्या कुशीतून उचललंस की मी रडायची. त्यात अभिमान कशाचा धरू, तूच सांग."

लासियेमकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर गळ्यात होतं, आणि गळा इस्पितळात राहिला होता. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला: लग्नाआधी पोरीला आपलं गाणं एकदा ऐकवायचं. बाकी तिने काही मागितलं नसतं. एकदा ऐक, आणि मग खुशाल सांग जगाला की माझी आई शिंपीण होती.

ध्यास घेतला खरा, पण ऐकवायचं काय? विचार करकरून तिला सरपंचाच्या घरचं लग्न आठवलं. आता सरपंचकी गेलीय, पण बाईला सगळे अजून बू लुराहच म्हणतात, म्हणजे सरपंचीणबाई. तिच्या मुलीच्या लग्नात लासियेम गायली होती, आणि गावात प्रथमच व्हिडिओ शूटिंग झालं होतं. बाजारातल्या तुकिरीनने केलं होतं. त्याची सीडी निघाली होती. ऑपरेशनच्या आधीचं ते तिचं जवळजवळ शेवटचं गाणं.

ती पाल्याच्या दोन पुड्या घेऊन बू लुराहकडे गेली. पुढच्या दाराने जायची तिची हिंमत नव्हती, मागच्या दाराने गेली. बू लुराह स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती.

"सीडी?" बू लुराह म्हणाली. "कसली मेली सीडी काढलीस तू? पोरीचा काडीमोड होऊन किती वर्षं झाली. त्या नालायकाचं थोबाड बघायला मी सीडी जपून ठेवीन होय?"

"मला माझ्या गाण्यासाठी हवी होती," लासियेम म्हणाली.

"काय? मोठ्याने बोल."

लासियेमने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगावं लागलं. तेव्हा बू लुराहने समोरचा कॉफीचा पेला उचलला, त्याच्या बुडाखाली काय आहे ते पाहिलं आणि हसली. "अगं, हीच की. बघ, देवाने राखून ठेवलीय तुझ्यासाठी."

देवाने राखली होती ती अशी: एका अंगाला वर्षानुवर्षांच्या पेल्यांची वर्तुळं, साखरेचा चिकटा आणि पेल्यांनी घासून पडलेले असंख्य ओरखडे. दुसऱ्या अंगाला नवरा-नवरीच्या फोटोचा कागद डकवलेला. नवरी शाबूत होती. नवऱ्याच्या बाजूने कुणीतरी कागद कडेपासून नखाने सोलला होता, आणि कागदाबरोबर सीडीची चांदीही निघून आली होती. तेवढ्या भागातून पलीकडचं आरपार दिसत होतं.

"ते मीच," बू लुराह अभिमानाने म्हणाली. "काडीमोडाच्या दिवशी सोलायला घेतला मेल्याला. नख मोडलं म्हणून थांबले."

लासियेमने सीडी फडक्यात गुंडाळली आणि कंबरेला बांधली. वाटेत चार वेळा हात लावून पाहिली.

तुकिरीनचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. शूटिंगचे दिवस होते तेव्हा त्याच्या रुबाबाला सीमा नव्हती; खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवात शिरला की नवरदेव मागे पडायचा. वधूला सांगायचा हस, बापाला सांगायचा रड, आणि दोघंही ऐकायची. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. तुकिरीन फोनच्या काचा बदलतो, झेरॉक्स काढतो, आणि कुणी जुनी सीडी आणली की तिच्यातलं उचलून फोनमध्ये घालून देतो. तोंड मात्र अजून शूटिंगवालंच आहे.

"यू सियेम, ही सीडी आहे की खवणी?" त्याने ती उजेडासमोर धरली. "नारळ किसला का हिच्यावर?"

"होईल का?"

"आणि हे काय? हे भोक कुणी पाडलं?"

"बू लुराहने. जावयाचा फोटो काढायला गेली."

"शाबास. पोरीच्या संसाराबरोबर माझी सीडीही मोडली बाईने." तुकिरीनने सीडी उलटसुलट केली. "खालचे ओरखडे मला भीती घालत नाहीत, यू. ते नुसतं प्लास्टिक. खरा माल वरच्या अंगाला असतो, या चित्राच्या खाली, चांदीच्या वर्खात. वर्ख गेला की गेलं, ब्रह्मदेव आला तरी परत येत नाही. लोक चकचकीत बाजू फुलासारखी जपतात आणि वरून नखं मारतात. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"म्हणजे गेलं?"

तिचा चेहरा पाहून त्याचा टोमणा तोंडातच राहिला. "सीडी मधून बाहेर वाचतात," तो जरा मऊपणाने म्हणाला. "आधी आतलं, मग कडेचं. बाईने कडेचं सोललंय. म्हणजे लग्नाचा शेवट गेला, सासरची पाठवणी वगैरे. जाऊ दे, तशीही पोर परतच आली. तुझं गाणं कधी होतं?"

"जेवणाच्या पंगतीच्या वेळी."

"मग मधे आहे. बघू या. पण घाई करायची नाही, आणि माझ्या डोक्याशी बसायचं नाही."

ती बसलीच. रोज सकाळची पुड्यांची विक्री उरकून यायची, त्याच्यासाठी एक पुडी घेऊन यायची, आणि दारातल्या बाकड्यावर बसायची. तुकिरीनने आधी कोमट पाण्याने साखर काढली. मग मोटारसायकलच्या दिव्याची काच उजळायची पेस्ट मऊ कापडावर घेऊन, मधून कडेकडे, मधून कडेकडे, सरळ रेघेत घासत राहिला. गोल घासलं की मेली, म्हणाला. त्याच्याकडे जुन्या मशिनांचा ढीग होता. एक मशीन सीडी तोंडात घेऊन नुसतं घरघरलं आणि बाहेर थुंकलं. दुसऱ्याने तेच केलं. तिसरं मशीन त्याने कुठल्याशा शाळेच्या भंगारातून आणलेलं होतं. ते चालेल न चालेल करत अडखळत वाचायला लागलं. जे सरळ वाचता येईल ते आधी उचलून घ्यायचं, अडेल ते सोडून पुढे जायचं, आणि मग मागे फिरून अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटायचं, अशी त्याची रीत. पडद्यावर चौकोन असायचे. वाचलेला चौकोन हिरवा व्हायचा. लासियेमला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एकेक चौकोन हिरवा झाला की ती मान डोलवायची.

"गाणं ऐकू येत नाही का यातून?" तिने एकदा विचारलं.

"आधी पीक घरात येऊ दे, मग भात शिजव," तुकिरीन म्हणाला. "मधेच वाजवायला गेलो आणि मशीन अडकलं, तर ही सीडी पुन्हा तोंड उघडायची नाही."

सगळं उचलून झालं तेव्हा कडेचा भाग काळा राहिला होता, मधला जवळजवळ सगळा हिरवा. तुकिरीनने टाळी वाजवली. लासियेमने त्याच्यासमोर वाकून दोन्ही हात जोडले. त्याला असं करून घ्यायची सवय नव्हती, तो झेरॉक्सच्या कागदांशी उगाच झटापट करत म्हणाला, "लेकीला घेऊन या रविवारी दुपारी. मोठ्या पडद्यावर लावतो, मोठे स्पीकर जोडतो. नीट ऐकू दे तिला."

वेनिंगला आणणं सीडी उजळण्याइतकंच कठीण. रविवारी तिला बांगड्यांच्या दुकानात जायचं होतं. लासियेम म्हणाली, "एकदाच. पुन्हा म्हणणार नाही." आईने हात धरला तो इतका घट्ट, की वेनिंग चालायला लागली.

दुकानात तुकिरीनने दोन खुर्च्या मांडल्या होत्या. स्वतः केस विंचरून बसला होता. त्याने लावलं. आधी त्याच्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत गिरक्या घेत आलं. मग गुलाबांची चौकट, तिच्यात नवरी. मग हृदयाच्या आकाराच्या भोकातून नवरा. वेनिंग हसली. "हे काय हो, पाक तुकिरीन?" मोठ्या माणसाला पाक म्हणायचं, म्हणजे काका.

"त्या काळी यालाच मागणी होती," तो म्हणाला. "हृदय नसेल तर लोक पैसे द्यायचे नाहीत."

पाहुणे आले, पंगती बसल्या, कुठे कुठे चित्र चौकोनांत फुटून पुन्हा जुळलं. आणि मग पितळी तबकांच्या रांगेमागे ती दिसली. हिरवी कबाया, अंबाड्यात मोगऱ्याची माळ, खाली झुकलेली नजर. गळा भरलेला, ऑपरेशनच्या आधीचा. तुकिरीनने तेव्हा चित्र मुद्दाम संथ केलं होतं, स्वप्नातल्यासारखं. तिची पापणी हळूहळू उचलली जात होती, ओठ हळूहळू उघडत होते.

वेनिंग खुर्चीत पुढे सरकली. "आई, ही तू?"

लासियेमने मान हलवली. तिने डोळे मिटून घेतले. तिला पाहायचं नव्हतं, ऐकायचं होतं. आधी बासरी आली. मग गाणं सुरू झालं.

पहिल्या श्वासालाच तिला कळलं. गाणं तेच होतं, त्या रात्री ती गायली तेच. पण आवाज सोलो शहरातल्या त्या बाईचा होता, जिची कॅसेट तेव्हा घराघरात होती. सुंदर आवाज. रेशमी, गुळगुळीत, स्टुडिओत बसून गायलेला. लासियेम जिथे श्वास तोडायची तिथे तो तुटत नव्हता. जिथे ती सूर खालून उचलायची तिथे तो वरूनच आला.

तिने डोळे उघडून तुकिरीनकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यालाही आताच आठवलं होतं. त्या काळी सगळे शूटिंगवाले हेच करायचे, आणि लोकांना हेच हवं असायचं. मांडवातल्या आवाजात जनरेटरची घरघर, पोरांची रडारड, भांडी. ते सगळं पुसून टाकायचं आणि वर विकतची कॅसेट चढवायची. मांडवात जे गाणं झालं असेल तेच गाणं, पण नावाजलेल्या गळ्याचं. सीडी कशी झकास वाटली पाहिजे. एवढी लग्नं त्याने अशी सजवली होती, की कुठल्या मांडवात खरोखर कोण गात होतं हे त्याच्या ध्यानात राहायचं कारणच नव्हतं. मूळ फितीवर पुढच्या आठवड्यात पुढचं लग्न भरलेलं. म्हणजे त्या रात्रीचा आवाज बू लुराहच्या पेल्याखाली कधीच नव्हता. इतके दिवस घासून, उजळून, चौकोन मोजून बाहेर काढलं ते दुसरीचं गाणं.

लासियेमला चीड आली, तुकिरीनची, बू लुराहची, त्या सोलोच्या बाईची, स्वतःची. ती वेनिंगकडे वळली आणि म्हणाली, "हा माझा नाही."

स्पीकर मोठे होते. तिच्या हवेतल्या शब्दाला त्यात काय थारा?

वेनिंग रडत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, लहानपणी रडायची तशी. पडद्यावरून तिची नजर हलत नव्हती. लासियेमने तिच्या दंडाला हात लावला आणि पुन्हा म्हणाली, "पोरी, हा आवाज माझा नाही."

"थांब गं आई," वेनिंग म्हणाली. "ऐकू दे ना."

तुकिरीनने माऊसकडे हात नेला. लासियेमने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

गाणं संपलं तेव्हा वेनिंगने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. "मी काय काय बोलले तुला," ती म्हणाली. "शिवणकाम म्हणे. आई, माझ्या सासूला ऐकवते मी हे. लग्नात लावते. सगळ्यांना कळू दे माझी आई कोण होती." तिने फोन काढला आणि तुकिरीनपुढे धरला. "पाक, यात घालून द्या आत्ताच."

तुकिरीनने फोन घेतला, पण तार जोडली नाही. तो लासियेमकडे वळून अगदी हळू म्हणाला, "यू, मी सांगू का तिला?"

"काय सांगताय?" वेनिंगने विचारलं. मग तिला आठवलं. "हो, आई, तूही मघाशी मधेच काहीतरी म्हणत होतीस. काय गं?"

आता दुकानात आवाज नव्हता. बाहेर गल्लीतही दुपारचं सामसूम होतं. तिचा शब्द अगदी स्पष्ट ऐकू गेला असता. लेक तिच्याकडे बघत होती, आणि असं तिने आजवर कधी बघितलं नव्हतं.

"काही नाही," लासियेम म्हणाली. "आवाज जरा मोठा कर, म्हणत होते."

वेनिंग हसली, डोळे पुसले, स्पीकरची कळ फिरवली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.